तपासले, ठीक आहे

२९ सप्टेंबर २०२४, चिखली

कंपनीने दिलेली डायरी वर्षभर तशीच पडून होती. चारुलता म्हणाली, निदान किराण्याची यादी तरी लिहा तिच्यात. मी म्हटलं, मनातलं लिहीन. तर म्हणते, मग पानं पुरायची नाहीत. टोमणा मारण्यात बाई कधी मागे नाही.

तर पहिलंच मनातलं. सोहम आज एरिया इन्चार्ज झाला. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा मिरचीच्या फुलात नर भाग कुठला हे त्याला मी दाखवलं होतं. मला बारा वर्षं झाली. मी अजून सुपरवायझर.

आमची कंपनी मिरचीचं संकरित बियाणं शेतकऱ्यांकडून तयार करून घेते. शेडनेटमध्ये बाया एकेक कळी उघडतात, आतला नर भाग काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावतात आणि देठाला धागा बांधतात. कळी वेळेत उघडली नाही तर फूल स्वतःच्याच परागाने फळतं, आणि ते बी म्हणजे भेसळ. एकदा धागा बांधला की आत काय झालं ते कोणालाच दिसत नाही. म्हणून सुपरवायझर. दर चार दिवसांनी शेडमध्ये जायचं, कळ्या पाहायच्या, चुकलेल्या तोडायला लावायच्या आणि शेतकऱ्याच्या कार्डावर लिहायचं: तपासले, ठीक आहे. खाली सही.

सोहम का आणि मी का नाही, हे ऑफिसात शिपायालाही माहीत आहे. सोहम बसतो. आमच्या धंद्यात बसणं म्हणजे एकच. राजकुमार साहेब महिन्यातून दोनदा हेड ऑफिसहून येतात आणि पंजाबरावांच्या मळ्यात बसतात. पंजाबराव आमचे ऑर्गनायझर, म्हणजे गावोगावचे शेतकरी कंपनीला जोडून देणारे, स्वतः मोठे जमीनदार. कोणती गावं कोणाला, कोणाला वर घ्यायचं, कोणाची बदली, सगळं त्या मळ्यात ठरतं. ऑफिसात नुसतं टाइप होतं.

मी बसत नाही. आमच्या घरात कोणी घेतलेलं मला आठवत नाही. बाबा शाळेत कारकून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. निर्व्यसनी म्हणून निरोप समारंभात त्यांचं फार कौतुक झालं. शाल मिळाली. ती आता आम्ही इस्त्रीच्या टेबलावर अंथरतो.

२ ऑक्टोबर

गांधी जयंती. दुकानं बंद, म्हणून पंजाबरावांनी कालच सोय करून ठेवली होती. मी गेलो. स्वतःहून गेलो, कोणी ओढून नेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

एकच ग्लास घेतला. कडू. काढा समजून गिळला. जगबुडी काही झाली नाही. साहेबांनी बारा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं, तेही चिंतामणराव म्हणून. घरी कोण कोण विचारलं. मी गार्गीचं सांगितलं, आठ वर्षांची आहे, चित्रं काढते. साहेब म्हणाले, त्यांचीही मुलगी काढायची, आता बोलत नाही. एवढं साधं बोलणं ऑफिसात कधी झालं नव्हतं. मला भरून आलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच आलं होतं.

येताना पुदिन्याच्या गोळ्या घेतल्या. चारुलताने दार उघडलं, बाजूला झाली, ताट वाढलं. काही बोलली नाही, म्हणजे तिला कळलं नसावं.

१३ ऑक्टोबर

फरक पडतो, हे मान्यच करायला हवं. मेहकर रोडची सगळी शेडनेट माझ्याकडे आली. नवी गाडी मंजूर झाली. साहेबांनी फोनवर दोनदा 'आपला माणूस' म्हटलं.

प्रसेनजितला सांगितलं. तो आमच्या लॅबमध्ये असतो. प्रत्येक पोत्यातलं मूठभर बी वेगळं पेरायचं, रोपं वाढवायची आणि त्यात भेसळ किती ते पाहायचं, हे त्याचं काम. चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस. नऊ वर्षं त्याच खुर्चीत आहे. म्हणाला, अभिनंदन, पण एवढी शेड चार दिवसांत तू पाहणार कशी? जळतो, दुसरं काय.

आणि मी काही वाहवत गेलेलो नाही. आठवड्यातून दोनदा, तेही कामाचा भाग म्हणून. सवय लागते ती माणसं वेगळी.

२१ ऑक्टोबर

आज आंबेवाडीला, कारभारी आणि त्याची बायको रुखमाबाई यांच्या शेडवर. यांच्याविषयी लिहायलाच हवं.

कारभारी दोन वर्षांपूर्वीपर्यंत गावातला नामी बेवडा. पोळ्याला बैल घरी यायचे आणि हा नाल्यात. रुखमाबाईने भावाच्या मदतीने शेडनेट उभं केलं आणि त्याला सांगितलं, पेलेल्या माणसानं आत पाय टाकायचा नाही. किल्ली तिच्या कमरेला. तो बाहेर बसून राहिला, शिव्या दिल्या, रडला, आणि एका सकाळी कोरडा आत गेला. तेव्हापासून थेंब नाही. आता ठिबक, खत, पाणी सगळं तो पाहतो. कळ्यांचं काम रुखमाबाईचं. बाकीच्या बाया चिमटा वापरतात, ही नुसत्या नखाने कळी उघडते आणि पाकळीला धक्का लागत नाही. असा हात मी बारा वर्षांत पाहिला नाही.

गाव मात्र काही विसरत नाही. टपरीवर त्याला अजून 'क्वार्टर' म्हणूनच हाक मारतात.

निघताना तो गाडीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, राग नका मानू. पुदिन्याची गोळी नका खात जाऊ. पेणाऱ्याच्याच तोंडाले पुदिना येते, घरच्या बाईले लवकर समजते."

माझं डोकंच सटकलं. बेवड्याने मला शिकवावं? म्हटलं, कारभारी, आपल्या कामाशी काम ठेवा. तो 'हाव, साहेब' म्हणाला आणि फाट्यापर्यंत सोडायला आला.

२ नोव्हेंबर

पाडवा. चारुलताने ओवाळलं. साहेबांकडून मिठाईच्या खोक्यात बाटली आली होती. कपाटावर ठेवली. गार्गी म्हणाली, बाबा, हे अत्तर आहे का? मी हो म्हटलं. चारुलता स्वयंपाकघरात निघून गेली. सणाच्या दिवशी तोंड पाडून बसायची हिची जुनी खोड आहे.

१२ नोव्हेंबर

दुपारी रुखमाबाईचा फोन. तिची आई नांदुऱ्याला वारली. बोलली मात्र कामाचंच.

"भाऊ, चार दिवस मी नाही. आमचे हेयी संग येऊन राह्यले. शेडात नव्या बाया लावल्या, त्यायले कळीचा टाइम नाही समजत. तुम्ही एक डाव जाजा. चुकलेलं दिसलं तं सारं तोडून टाकजा. मले वाईट नाही वाटणार."

म्हटलं, मावशी, बिनघोर जा. परवा सकाळी मी स्वतः पाहतो. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. आई गेलेली असताना बाई कळ्यांचा विचार करते.

१४ नोव्हेंबर

निघालो होतो आंबेवाडीलाच. फाट्यावर पंजाबरावांची जीप आडवी आली. साहेब अचानक आलेत, मळ्यात गोवऱ्यांवर रोडगे भाजायला लावलेत, बस गाडीत. म्हटलं, आधी कारभारीचं शेड पाहून येतो. तर म्हणाले, रुखमीच्या शेडात काय पाह्यतं बे, तिच्यासारखा हात साऱ्या तालुक्यात नाही. तेही खरंच. रुखमाबाई तिथे नाही, हे मी सांगायला हवं होतं. पण जीप चालू होती आणि साहेब पुढे बसले होते.

दुपारी बारापासून बसलो. साहेबांना हेड ऑफिसला कार्डं न्यायची होती. माझी आठ अपुरी होती, झाडाखालीच भरली. कारभारीचं सातवं. तपासले, ठीक आहे. सही स्वच्छ आली, म्हणजे मी पूर्ण शुद्धीत होतो. उद्या सकाळी जाऊन खरोखर पाहून येतो. कार्ड एक दिवस आधी भरलं, एवढाच काय तो फरक.

१५ नोव्हेंबर

डोकं जड. उद्या.

१६ नोव्हेंबर

मीटिंग होती. रुखमाबाई आज परत येतील, त्या पाहतीलच.

१९ नोव्हेंबर

आंबेवाडीला गेलो. रुखमाबाईने विचारलं, पाह्यलं होतं ना भाऊ? मी कार्ड पुढे केलं. तिला वाचता येत नाही. तिने ते कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं.

धागे सगळे जागच्या जागी होते. पाहून काही कळण्यासारखं नव्हतंच. मी फार वेळ थांबलो नाही.

१ जानेवारी २०२५

एरिया इन्चार्ज. तीन महिन्यांत. बारा वर्षं इमानदारीने उन्हात फिरलो त्याचं काय झालं आणि तीन महिने सावलीत बसलो त्याचं काय झालं, हे कोणाही शहाण्याने ताडून पाहावं. मी जगाला शिव्या देत नाही. फक्त आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

पेढे आणले. बाबांनी खाल्ला आणि विचारलं, साहेब खूश आहेत ना तुझ्यावर? चारुलताने पेढा हातात घेतला आणि तसाच डब्यात ठेवला. म्हणाली, नंतर खाते.

२३ जानेवारी

टोमॅटोच्या नव्या शेडमध्ये बायांना कळी उघडून दाखवायची होती. चिमटा धरवेना. एकामागून एक तीन कळ्या मोडल्या. आंबेवाडीची आशाबाई, जी बरीच वर्षं आमच्याकडे कामाला येते, म्हणाली, साहेबाले थंडी वाजून राह्यली. बाया हसल्या. थंडी होतीच. पहाटे स्वेटर न घालता निघालो होतो.

संध्याकाळी मळ्यात हात एकदम स्थिर होता. म्हणजे थंडीच.

चारुलता गार्गीला घेऊन बुलढाण्याला माहेरी गेली. शाळेला सुट्टी नसताना. सोमवारी येईल म्हणाली. कपाटावरचं खोकं रिकामं झालंय, ते टाकायला हवं.

१७ एप्रिल

निकाल आला. कारभारीच्या बियाण्यात भेसळ निघाली. थोडीथोडकी नाही, शंभरात अठरा-एकोणीस झाडं वेगळी. अख्खा माल नाकारला जाणार. वर्षाची मेहनत तर गेलीच, वर शेतकऱ्याचं नाव काळ्या यादीत, म्हणजे कोणतीच कंपनी पुन्हा दारात उभं करणार नाही.

साहेबांनी विचारलं, असं कसं झालं? मी काही बोलायच्या आत पंजाबराव म्हणाले, कारभारीनं पुन्हा सुरू केली असन, दुसरं काय. सगळ्यांना ते लगेच पटलं. मलाही क्षणभर पटलं, हे विशेष. साहेब म्हणाले, चिंतामणराव, तसा अहवाल द्या.

१९ एप्रिल

अहवाल दिला. 'सदर शेतकरी पूर्वी मद्यपी असून क्रॉसिंगच्या (परागीकरणाच्या) काळात पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे समजते. त्यामुळे कामावरील देखरेखीत हयगय झाली.' समजते हा शब्द बरा आहे. कोणाला समजते ते लिहावं लागत नाही.

दुपारी प्रसेनजित टेबलाशी आला. बसला नाही. म्हणाला, मी प्रत्येक तोडणीचं बी वेगळं पेरलं होतं. डिसेंबरची तोडणी स्वच्छ, फेब्रुवारीची स्वच्छ. भेसळ आहे ती फक्त मधल्या जानेवारीच्या तोडणीत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावरची फुलं. त्या दिवसांत शेड तपासलं नव्हतं असं सुपरवायझरने लिहून दिलं, तर तेवढी एक तोडणी बाद करून बाकीचा माल वाचवता येतो. शेतकऱ्याचं नावही वाचतं.

मी म्हटलं, कार्ड पाहा ना, चौदा नोव्हेंबरची सही आहे.

"कार्ड पाहिलं," तो म्हणाला, "म्हणूनच तुझ्याकडे आलोय."

मी फाइल उघडून बसलो. तो गेला. खरं लिहून दिलं तर मी दुसऱ्या दिवशी घरी. गार्गीची शाळा, बाबांची औषधं, सगळं माझ्या एकट्यावर आहे. कारभारीचं निदान शेत तरी आहे.

२२ एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

रुखमाबाई ऑफिसात आली. कारभारी मागे दाराशी, चपला बाहेर काढून. साहेब होते, पंजाबराव होते, सोहम होता. ती रडली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, माह्या नवऱ्यानं दोन वर्सांत थेंब घेतला नाही, तुम्ही कागदावर कसं लिहिलं? आत्ता वास घ्या त्याचा.

पंजाबराव हसले. म्हणाले, घे रे चिंतामण वास.

कारभारी खरंच पुढे आला. डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडून माझ्यापुढे उभा राहिला. साठीला आलेला माणूस. मी वाकलो. मी जेवणाआधी दोन घेतलेले होते, माझ्याच तोंडाचा वास माझ्या नाकात बसलेला. त्याच्या तोंडाला कसला वास होता की नव्हता, ते मला आत्ताही सांगता येत नाही. मी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशी नाही, नुसतीच हलवली. साहेबांनी ती हो म्हणून धरली.

त्याला माझा वास आलाच असणार. एवढ्या जवळून कोणालाही आला असता, आणि त्याला तर दुरूनही यायचा. एक शब्द बोलला असता तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. त्याने फक्त तोंड मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. तो का बोलला नाही हे मला कळत नाही. मला माझी शिसारी आली.

२७ एप्रिल

काल मळ्यात सांगून टाकलं. ठरवून गेलो होतो. कोरड्या तोंडाने जमेना म्हणून आधी तीन घेतले, मग उभा राहिलो आणि म्हणालो, कारभारी पेला नव्हता, मी पेलो होतो. शेड न पाहता सही केली. रुखमाबाई चार दिवस गावात नाही हे मला माहीत होतं.

सगळे हसले. सोहमने पाठ थोपटली. मी ओरडून पुन्हा सांगितलं. पंजाबरावांनी रोडग्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि जीपमधून घरी पाठवलं. गार्गी जागी होती. तिच्यासमोर मी रडलो म्हणे. मला आठवत नाही, चारुलताने सांगितलं.

सकाळी साहेबांचा फोन. आवाजात माया. म्हणाले, काल तुम्ही जे बोललात ते आम्ही ऐकलंच नाही. चढली की भला माणूस दुसऱ्याचं पाप अंगावर ओढून घेतो. जूनपासून जालन्याचं ऑफिस तुमच्याकडे द्यायचा विचार आहे.

मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२९ एप्रिल

आशाबाई कामावर आली. कारभारीचं विचारलं तर सांगितलं. कारभारी कालपासून फाट्यावरच्या दारूच्या दुकानासमोर दगडावर बसून आहे. आत गेलेला नाही. येणारे-जाणारे म्हणतात, जा ना बे क्वार्टर, आता कोणासाठी थांबला? रुखमाबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली आहे. शेड उघडं, पाणी नाही, काही नाही. तो तिला एकच गोष्ट म्हणतो.

"नाही पेलो तरी पेलोच म्हणतात. मंग कोरडं राहून काय फायदा?"

आशाबाई सांगून कामाला लागली. मी गाडी काढली आणि घरी आलो. भरदुपारी. कपाटावरच्या नव्या बाटलीकडे हात गेला आणि थांबला. आज थेंब घेणार नाही, असं ठरवलं. याआधीही चार वेळा ठरवलं होतं, ते या डायरीत लिहिलेलं नाही.

प्रसेनजितसाठी कागद लिहायला बसलो. अक्षर लागेना. तीन कागद फाडले. चारुलता दारात उभी राहून पाहत होती. तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं, पाटावर बसली आणि म्हणाली, सांगा.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शेड, फोन, जीप, कार्ड, अहवाल, ते वास घेणं. मध्ये तिने एकदाच मान वर केली. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पगार वाढत होता, म्हणून मीही गप्प राहिले. तेही लिहू का?" मी नको म्हटलं. ती पुढे लिहू लागली. मला तिच्यासमोर रडू आलं, आणि हे मात्र मला आठवतं आहे.

३० एप्रिल

(पुढचं अक्षर चारुलताचं आहे. सांगतोय मी.)

पत्र प्रसेनजितला दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, पोच दिली, हेड ऑफिसला प्रत पाठवली. तासाभरात साहेबांचा फोन. विचारलं, तुम्ही शुद्धीत आहात का? म्हटलं, आज आहे. म्हणाले, पत्र मागे घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मी येत नाही म्हणालो. नोकरी गेली, असं धरून चालतो. रात्रभर घाम, मळमळ. जेवण पोटात राहत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी फाट्यावर गेलो. दोघं तिथेच बसलेली. जाणारी-येणारी माणसं थांबून पाहत होती. मी सगळं सांगितलं, पत्राची नक्कल रुखमाबाईच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली नाही. घडी करून मला परत दिली.

"कंपनीचा कागद कंपनीत राहीन, भाऊ. गावाले कोण सांगन?"

कारभारी दुकानाकडेच पाहत होता. म्हटलं, उद्या ग्रामसभा आहे ना, मी येतो. पण तोवर त्याला इथून घरी न्या. रुखमाबाई म्हणाली, तुम्ही बोलल्यावर नेईन, आधी नाही येणार तो.

१ मे

झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा. चारुलता बरोबर आली, मोटारसायकलवर मला एकट्याला सोडायला ती तयार नव्हती. सरपंच अनुपमाताईंना आधी सांगून ठेवलं होतं. नळयोजना झाली, घरकुल झालं, मग त्यांनी माझं नाव घेतलं. पंजाबराव पुढच्या खुर्चीवर होते. रुखमाबाई बायांमध्ये. कारभारी शेवटी, भिंतीला टेकून. आला होता एवढं खरं.

मी उभा राहिलो. कपाळावरून घाम डोळ्यात. कागद काढला तर कागदच थडथड उडायला लागला. मी म्हणालो, कारभारीच्या शेडबद्दल मला. पुढचा शब्द येईना. जीभ जड झाली होती. कागद हातातून खाली पडला, तो उचलायला वाकलो आणि तोल जाऊन ओट्यावर हात टेकले.

माणसं हसायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, पेऊन आला, बसवा त्याले. पंजाबराव मान हलवत अनुपमाताईंना म्हणाले, परवाही असाच बरळत होता, मनावर नका घेऊ. अनुपमाताई मला म्हणाल्या, दादा, तुम्ही बसून घ्या, नंतर पाहू. मी नाही पेलो म्हणालो. ते तर सगळेच पेलेले म्हणतात. मला वाटलं, संपलं. आता खरं बोलायला माझ्याकडे तोंडच उरलेलं नाही.

कारभारी भिंतीपासून उठला. माणसांतून वाट काढत ओट्यावर आला. माझ्या तोंडाजवळ वाकला नाही, काही नाही. माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सभेला दाखवले.

"हा आज पेला नाही," तो म्हणाला. "पेला असता तं हात हालले नसते. सोडल्यावर हालतात. मले माहीत आहे, मी सोडली आहे."

कोणी हसलं नाही. त्याने खाली पडलेला कागद उचलला, झटकला आणि माझ्या डोळ्यांपुढे धरला. त्याला वाचता येत नाही, कागद उलटा होता. मी तो सुलटा करून दिला.

"बोला साहेब," तो म्हणाला. "मी धरतो. सावकाश बोला."

मी चौदा नोव्हेंबरपासून सुरुवात केली.